साडूंची खोटी गाठ

स्वादुपिंडाबद्दल माझ्या थोरल्या साडूंइतकं अख्ख्या सोलापुरात कुणी बोललं नसेल, डॉक्टर मंडळी धरून. नवी पेठेत त्यांचं साड्यांचं दुकान. पूर्वी तिथं गिऱ्हाईक परकराच्या कापडाला आलं तरी दारूच्या दुष्परिणामांवर व्याख्यान ऐकूनच बाहेर पडायचं. वरातीत कुणाच्या तोंडाला वास आला तर हे बँड थांबवायचे. एकदा माझ्या खोकल्याच्या औषधाची बाटली त्यांनी उजेडात धरून वाचली आणि मोरीत ओतली. पुढे मी असा खोकलो की होटगीच्या स्टेशनात गाडी आल्याचा भास होऊन लोक सामान उचलून उभे राहिले असतील.

अशा माणसाच्या पोटात एका दुपारी, कडक भाकरी नि शेंगाचटणी हाणल्यावर, पाठीपर्यंत कळ गेली. दवाखान्यात स्वादुपिंडाला सूज निघाली आणि डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, किती घेता? साडूंना बोलवत नव्हतं, तरी ते ताडकन उठून बसले. मग सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसले. त्यातलाच एक घरंगळून नळीच्या तोंडाशी अडकला होता, सूज त्याची. पण तोवर डॉक्टरांचा प्रश्न पेठेत पोचला होता आणि उत्तर दवाखान्यातच राहिलं होतं. इतकी वर्षं व्याख्यानं सोसलेली माणसं पेढे वाटायचीच काय ती बाकी होती. कोपऱ्यावरचा रिक्षावाला तर भेटायला येऊन आदरानं म्हणाला, "शेट, कुटली घेत होता सांगा की. लई दिवस पचली तुमाला."

सूज उतरली, साडू घरी आले, आणि काही आठवड्यांनी पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की गळ्याशी यायचे. स्कॅनमध्ये जठरामागं नारळाएवढी पिशवी दिसली. दुखावलेल्या स्वादुपिंडातून पाचकरस झिरपतो, आजूबाजूचे अवयव त्याला कोंडून धरतात आणि भोवती हळूहळू साल धरते. डॉक्टरांच्या भाषेत खोटी गाठ. काही आपोआप जिरतात. ही वाढत होती, पण साल पक्की झाल्याशिवाय हात लावायचा नाही, असं ठरलं.

साडूंना आता नवं व्याख्यान मिळालं. साडी उलगडून ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "पिशवी खरी, पण आतनं सवताचं अस्तर न्हाय, म्हणून खोटी. दारूनं होती, खड्यानं होती, पोटाला मार बसून होती. माझी खड्याची. घरी जाऊन सांगा." मॅचिंग ब्लाऊजपीसला आलेल्या बाया स्वादुपिंड शिकून गेल्या.

हा आटापिटा पेठेसाठी चाललाय असं मी समजत होतो. आमचे सासरे दारूनं गेले; शेवटी त्यांचंही पोट असंच फुगलं होतं. थेंबाला शिवणार नाही, असा शब्द साडूंनी लग्नाआधी माझ्या मेव्हणीला दिला होता. आणि आता तीच गप्प झाली होती. पेज वेळेवर, गोळ्या वेळेवर, तोंडातून शब्द नाही.

"पेठ गेली खड्ड्यात, पाव्हणं," साडू एकदा मला म्हणाले. "हिला पटाया पायजे. माज्याकडं बघंना झालीया." खडे निघाले की आपल्या हातात द्यायचे, अशी अट त्यांनी डॉक्टरांना घातली आणि ती ते रोज फोन करून वाजवून घेत.

साल पक्की झाल्यावर दुर्बीण घालून जठराच्या भिंतीतून वाट केली आणि पिशवी जठरातच रिकामी केली. पुढे पित्ताशयही काढलं. शुद्धीवर येताच साडूंनी खड्यांची डबी मागून घेतली आणि मेव्हणीपुढं धरली.

तिनं उघडलीसुद्धा नाही. "मला ठावं हाय की. बापाच्या घरात वाढले मी. पिणारा माणूस मला दारातनं कळतो."

"मग इतके दिवस बोलली का न्हाईस?"

"तसलं पोट मी एकदा बघितलंय. बोलाया गेले असते तर रडले असते. आन् तुमी ते बी पेठेत सांगितलं असतं."

साडू पुन्हा दुकानात बसतात, व्याख्यान सुरू आहे. पण हे एवढं बोलणं त्यांनी पेठेत कुणालाच सांगितलेलं नाही. मलाही ते आमच्या हिच्याकडून कळलं. ती तेव्हा कॉटशी उभी होती. मी मुद्दाम तिथवर विषय नेला, तर ते घडी घातलेली साडी पुन्हा उलगडतात आणि पदराची जर बघत बसतात.