खणातलं बिस्किट

गावाकडं डॉक्टरची लायकी पट्टीच्या जाडीवर ठरते. आरोग्य केंद्रात मीही इमानदारीत जाड पट्ट्या बांधायचो. डोळ्यावर तर अशा गच्च, की पोर लढाईवरून आल्यासारखं दिसावं.

त्या सकाळी एक बाई सहा वर्षांच्या लेकीला उचलून धावत आली. उपटलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाशी खेळताना कापसाची वाळलेली काडी पोरीच्या उजव्या डोळ्यात गेली होती. पोरगी किंचाळत होती. रडण्यावरचा माझा हुकमी उपाय टेबलाच्या खणात असतो: ग्लुकोजचं बिस्किट. दिलं. गप्प झाली. मी स्वतःवर जाम खूश.

मग बॅटरी मारली आणि माझीच बोबडी वळली. बाहुली गोल नव्हती, थेंबासारखी एका बाजूला ओढली गेली होती. काडी बुबुळ फाडून आत गेली होती. तरी हात सवयीनं कापसाकडं गेलाच.

"सर, दाबू नका!" सिस्टरनं मनगट धरलं. "आतलं बाहेर येईल."

तिनंच चहाच्या कागदी कपाचं बूड कापलं आणि डोळ्याला कुठं टेकणार नाही असं वरून चिकटवलं.

आई बघतच राहिली. "साहेब, ना थेंब, ना पट्टी. कपच लावायलाव का?"

मी परभणीच्या नेत्रतज्ज्ञांना फोन लावला, स्पीकरवर.

"लगेच पाठवा. भूल द्यावी लागेल. पोटात काही गेलंय?"

"सकाळपासून पाण्याचा घोट न्हाई बघा," आई बाजूनं म्हणाली. बिचारी खरंच बोलत होती; बिस्किट दिलं तेव्हा ती सिस्टरला नाव सांगत होती. समोर पोरगी बोटांवरचा चुरा चाटत होती. गप्प बसलो असतो तर माझी अब्रू वाचली असती. पण भुलीत उलटी झाली, तर ती थेट फुप्फुसात.

"एक बिस्किट गेलंय," मी म्हणालो. "मीच दिलं."

"तुम्ही?"

"मीच."

"मग काही तास थांबावं लागेल. तोवर डोळ्यात पू झाला नाही म्हणजे मिळवली."

मी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसलो. दवाखान्यात पोरगी पाणी मागायची, मी नाही म्हणायचो, आई माझ्याकडं बघायची. संध्याकाळी तिला आत नेलं, तेव्हा कुठं मी स्वतः पाण्याचा घोट घेतला.

काही महिन्यांनी ती तपासणीला आली. डावा डोळा झाकून तक्त्यावरच्या वरच्या चार ओळी तिनं वाचल्या, पाचवीला अडली. मग माझ्या खणाकडं बोट केलं.

"आज भूल न्हाई ना? मग द्या की."