साडेतेरा वेढे

लालबागच्या एका गाळ्यात शेवंती सव्वीस वर्षं मोटरी भरते आहे. जळालेली मोटर आली की आतली काळी पडलेली तार उपटायची, नवी तांब्याची तार वेढे मोजत बसवायची, वर वॉर्निश द्यायचं. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप. मोजताना कोणी हाक मारलेली तिला चालत नाही. घरी तांदूळ निवडतानाही तिचे ओठ हलत असतात. मोटर नीट झाली की नाही हे ती तळहात ठेवून ठरवते. दहा आकडे मोजेपर्यंत हात टिकला तर मोटर टिकेल.

तिची मुलगी अनुजा परळच्या एका ऑफिसात नोकरी करते आणि रविवारी रिमोटवरच्या बग्ग्यांच्या शर्यतीत उतरते. हातभर लांबीची गाडी आणि खड्ड्या-उंचवट्यांची मातीची वाट. पोरखेळ वाटावा, पण चाळिशी उलटलेली माणसं तिथे जिवावर उदार होऊन खेळतात. तीन वर्षं अनुजा साध्या, कार्बनवाल्या मोटरींच्या गटात होती, आणि ती मोटर दर दोन महिन्यांनी शेवंतीच भरून द्यायची. एखादा वेढा कमी, एखादा जास्त. जिंकली की अनुजा मैदानावर सांगायची, "मोटर आईच्या हातची आहे." लोणच्याबद्दल सांगावं तसं.

यंदा ती वरच्या गटात गेली. तिथे ब्रशलेस मोटर लागते. तिच्यात कार्बन नाही, झिजणं नाही, वरचेवर भरणं नाही. शेवंतीला ते पटलं. पटलं नाही ते एवढंच, की कोणती मोटर घ्यायची हे अनुजाने आधी दीपकला विचारलं.

दीपक माटुंग्याचा, क्लबातला जुना खेळाडू. आठवडाभर अनुजाच्या तोंडी तोच. दीपक असं म्हणतो, दीपकने तसं सांगितलं. त्याच्याकडे तापमान मोजायची बंदूक आहे, नुसती रोखली की आकडा दिसतो, हे तिने जेवताना कौतुकाने सांगितलं, तेव्हा शेवंतीने मोडलेली भाकरी पुन्हा मोडली.

दीपकचं म्हणणं, साडेतेरा वेढ्यांची घे. तार एका तोंडाने आत शिरून दुसऱ्या तोंडाने बाहेर निघाली की झाला अर्धा वेढा, हे शेवंतीला कोणी समजावायला नको होतं. वेढे कमी तितकी मोटर जास्त पळते, पण करंट ओढते आणि तापते. वेढे वाढवले की वेग थोडा उतरतो, पण मोटर थंड राहते. मागच्या दोनच चाकांना जोर मिळणाऱ्या हलक्या गाडीला भुसभुशीत मातीत साडेतेराच बरी. दीपक अगदी बरोबर होता. तेच तिला सहन झालं नाही.

"आई, तुझं काय मत?" अनुजाने शेवटी विचारलं.

"साडेआठची घे," शेवंती म्हणाली. "तुझो तो दीपक घाबरट दिसता गो."

पोरगी हुज्जत घालेल असं तिला वाटलं होतं. अनुजाने तिथल्या तिथे दीपकला फोन लावून सांगितलं, की आई म्हणते साडेआठ, म्हणजे साडेआठ. सव्वीस वर्षं काढलीत तिने यात. शेवंती ओट्यापाशी ऐकत होती. एवढा मान मिळाला, आणि रात्री तांदूळ निवडताना तिचा आकडा चुकला. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता मोटर आली आणि गाडीत बसलीसुद्धा.

शर्यतीच्या दिवशी ती पहिल्यांदाच मैदानावर गेली. सरावाला गाडी सुटली ती चाकांनी जागच्या जागी माती उकरत, आणि पहिल्याच वळणावर गिरकी घेऊन उलटली. पुन्हा तेच. चार मिनिटांनी अनुजाने गाडी आणून आईपुढे धरली. शेवंतीने मोटरीवर तळहात ठेवला. तीनला हात मागे आला.

अनुजाच म्हणाली, की मोटरीचं दातेरी चाक मीच मोठं लावलं असेल, बदलून बघते. पोर चूक आपल्या अंगावर घेतेय, हे बघून शेवंतीला राहवेना.

"तुझं काही चुकलं नाही. दीपक बरोबर होता. मला ते तेव्हाच माहीत होतं."

"मग?"

"तू आधी त्याला विचारलंस."

 हे घरी सांगायचं होतंस, एवढंच अनुजा म्हणाली आणि गाडी घेऊन दीपककडे गेली. त्याच्या पेटीत जुनी साडेतेराची मोटर होतीच. तेही शेवंतीला टोचलं. वर त्याने लांबून हात जोडून "नमस्कार काकी" केलं, त्याचा तर जास्तच राग आला.

अनुजा चौथी आली. गाडी एकदाही उलटली नाही. दीपकने बंदूक रोखून आकडा वाचला आणि ठीक आहे म्हणाला. अनुजाने मान हलवली, गाडी उचलली आणि मैदान ओलांडून शेवंती बसली होती तिथे आली. चेहऱ्यावरचा राग गेला नव्हता. गाडी तिने आईच्या मांडीवर ठेवली.

"मोज."

शेवंतीने तळहात टेकवला. दहा झाले. मोटर कोमट होती. पलीकडून दीपक बघतोय की नाही याची तिने एकदा खात्री करून घेतली, आणि अकरापासून पुढे मोजत राहिली.