श्वसनाच्या उत्तरातील दुपारची झोप

तारखा प्रथम नोंदवतो. सन १९४६. पोळ्याच्या आदल्या दिवशी शास्त्राच्या मास्तरांनी आम्हांस एक आज्ञा केली. दिवाळीनंतरच्या चाचणी परीक्षेत मी ती पाळली. तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी, ती पाळल्याबद्दल, मला शून्य मिळाले. जबाबदार व्यक्ती दोन : सदर मास्तर व आमचे हेडमास्तर. तिसरा जबाबदार मास्तरांचा जेवणाचा डबा. परंतु डब्यास नोटीस बजावता येत नसल्याने त्यास वगळतो.

शाळा नेवासे तालुक्यातली. नाव देत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल. आज्ञा अशी होती : "जीवशास्त्राचे धडे मोकाट सोडू नका. बैलांसारखे एका दावणीला बांधा. पचन विचारले तर रक्त आणा, रक्त विचारले तर श्वसन आणा. आणि उदाहरण डोळ्यांसमोरचे द्या." तीत कोणताही अपवाद नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

चाचणीत नापास होणाऱ्यास मॅट्रिकला बसू देत नसत. प्रश्न आला, 'श्वसनाचे शरीरातील कार्य सविस्तर लिहा.' मी दावण बांधली. बाजरीचे पान उन्हात पिष्ट तयार करते व प्राणवायू सोडते. पिष्ट दाण्यात जाते, दाण्यातून भाकरीत येते. भाकरीची आतड्यात साखर होते, साखर रक्तात मिसळते, श्वासावाटे आलेला प्राणवायू तिच्यातून शक्ती काढतो आणि उच्छ्वासातला कर्बवायू पुन्हा बाजरीच्या पानास मिळतो. धडे सारे जोडले गेले. उदाहरण तेवढे राहिले. डोळ्यांसमोर देखरेखीस मास्तरच बसले होते आणि वेळ जेवणानंतरची होती. मी लिहिले : 'भोजनोत्तर रक्त पचनेंद्रियांकडे वळते व शरीरास सुस्ती येते. उदाहरणार्थ, आमचे मास्तर. या वेळी त्यांचे श्वसन संथ, खोल व सशब्द असते.'

पेपर सुटल्यावर हे मी बाकावरच्या सोबत्याला सांगितले. तो सोनईच्या शेतकऱ्याचा मुलगा.

"लेका, तू मास्तरलाच दावणीला बांधलंस व्हय?" तो म्हणाला. "आता सोडायला कोन जाईल?"

उत्तरपत्रिका परत आली. या उत्तरास शून्य, म्हणून शास्त्रात नापास, आणि समासात लाल शाईने शेरा : 'विषयांतर'. मी त्याच दिवशी हेडमास्तरांकडे लेखी अर्ज केला व सुनावणी मधल्या सुट्टीनंतर ठेवण्याची विनंती केली. विनंतीचे कारण दिले नाही. ते देणे बंधनकारक नव्हते.

हेडमास्तरांनी उत्तर मोठ्याने वाचले. मग विचारले, "मास्तर, यात शास्त्राची चूक कोणती?"

"चूक नाही साहेब. पण यात मी कशाला?"

"उदाहरण समोरचे द्या, असे आपणच..." मी म्हणालो.

"तू गप्प बस रे. साहेब, पुन्हा वाचा. कोणालाही विषयांतरच वाटेल."

हेडमास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून, शांतपणे वाचावयास घेतले. बाजरीच्या पानाशी मास्तर सरळ बसले होते. भाकरी येईतो त्यांचे डोळे मिटले. आतड्यांपाशी हनुवटी छातीला टेकली आणि खोलीत आवाज सुरू झाला.

शिपाई दारातून डोकावला. "सायेब, मास्तरास्नी उठवू का?"

"थांब," हेडमास्तर म्हणाले. "उदाहरण चालू आहे."

माझ्या मते निकाल तेथेच लागला होता. हेडमास्तरांनी लेखणी उचलली आणि लिहिले, 'ग्रेस देऊन पास.'

"साहेब, ग्रेस म्हणजे दया," मी म्हणालो. "माझे उत्तर बरोबर आहे. शेरा खोडा आणि गुण हक्काने द्या."

"मॅट्रिकला बसायला मिळाले ना तुला?"

"मिळाले. शेरा खोडा."

"हळू बोल," ते म्हणाले. "उठतील ते."

मी मॅट्रिक झालो, वकील झालो, आणि दयेवर पास झालेला माणूस म्हणून सारी हयात दुसऱ्यांच्या हक्कांसाठी भांडलो. त्या खुर्चीवर आलेल्या प्रत्येक हेडमास्तरास मी पत्र लिहिले. उत्तर दरवेळी एकच आले : 'आपल्या भावना पोहोचल्या.' मी भावना पाठविल्याच नव्हत्या. मी मुद्दा पाठविला होता.

सबब विद्यमान हेडमास्तरांनी येत्या स्नेहसंमेलनात, पालकांसमक्ष, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे : श्वसनावरील उत्तरात जेवणानंतरची झोप हे विषयांतर आहे की नाही? उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे असावे. आणि ते जेवणाच्या आधी द्यावे.