गाडी परत गेलीच पाहिजे

सीमेवरच्या कस्टमच्या फाटकावर त्यांना सगळे परतसाहेब म्हणत. पर्यटक आपली गाडी घेऊन आला, की ती कर न भरता आत येते, पण परत नेण्याच्या बोलीवर. इथं विकायची नाही, इथल्या माणसाला चालवायला द्यायची नाही आणि मुदतीच्या आत बाहेर. जन्मभर साहेबांनी डोळ्यांत तेल घालून एवढंच पाहिलं. माणसं येताना हसतात आणि जाताना हुज्जत घालतात, म्हणून ते दोन्ही वेळा चेहरा सारखाच ठेवत. तोच चेहरा घरीही आणतात, ही बायकोची तक्रार. एकदा शेजारी म्हणाला, "पलीकडून आलेल्या पाहुण्याची गाडी आहे, चला, बाजारात सोडतो." साहेबांनी विचारलं, "चालवणार कोण? पाहुणा?" पाहुणा झोपला होता. साहेब भर उन्हात पायी गेले.

अशा माणसाच्या दारात एका दुपारी पलीकडच्या नंबराची गाडी उभी राहिली आणि तिच्यातून त्यांची मुलगी उतरली. लग्न करून ती तिकडे गेली होती. गाडी तिच्या नावावर होती. नवरा मात्र आता तिचा राहिला नव्हता. आईने काही न विचारता तिला पोटाशी धरलं. साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, काचेवरचा मुदतीचा कागद वाचला आणि विचारलं, "गाडी कधी जाणार?"

"बघते, बाबा."

दुसऱ्या दिवशी चहाला तोच प्रश्न. रात्री जेवताना पुन्हा तोच. आईने डोळे वटारले, पण साहेबांना वाटलं भाजी तिखट झाली असावी. एवढा शहाणा माणूस आणि एवढा ठोंब्या, दोन्ही एकाच देहात कसे मावतात देव जाणे. मुलगी अर्ध्या ताटावरून उठली. नवऱ्याचं घर सुटलं होतंच, आता बापालाही आपण जड झालो, असं तिने मनाशी धरलं. विचारायची हिंमत तिला होईना. हो म्हणाले तर जायचं कुठे?

शेवटी एका सकाळी, आई शाळेत शिकवायला गेलेली पाहून तिने कपडे भरले आणि गाडी काढली.

फाटकावर खिडकीत साहेबच होते. त्यांनी कागद पाहिले, गाडीचा नंबर ताडून पाहिला. मग नियमाप्रमाणे खाली उतरून डिकी उघडायला लावली. आत मोठी बॅग होती.

"हे काय?"

"माझं सामान."

"गाडी तिकडे विकायची आणि बसने परत यायचं. त्याला एवढे कपडे कशाला?"

मुलीचा बांध फुटला. "रोज तुम्हीच विचारत होता ना, कधी जाणार म्हणून?"

"गाडीचं विचारत होतो," साहेब म्हणाले. "तुझं कोण विचारतंय? तू आता इथंच राहणार. म्हणजे तू पर्यटक नाहीस. आणि पर्यटक नाहीस तर ही गाडी इथं ठेवता येत नाही."

"बाबा, हे आधी सांगता येत नव्हतं?"

"नियमात स्पष्ट आहे," साहेब म्हणाले. आपण काय करून बसलो ते त्यांना आत्ता कळत होतं, आणि लाजही वाटत होती. त्यांनी बॅग उचलून बाहेर काढली, डिकी बंद केली, कागदावर शिक्का मारला. "संध्याकाळची बस चुकवू नकोस. आई जेवायला थांबेल. मीसुद्धा."

ती हसत की रडत गेली, ते मागच्या रांगेला कळलं नाही. पुढची गाडी खिडकीशी आली. तिच्या मालकाने साहेबांच्या पायाशी ठेवलेली बॅग पाहिली आणि हळूच विचारलं, "बाईंची बॅग जप्त केलीत? काय होतं त्यात?"

"घरचं सामान आहे," साहेब म्हणाले. "ते बाहेर जात नाही."