नळी जड भरली तेव्हा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आमच्या मॅडम प्रकल्पासाठी एकच विद्यार्थी घेणार होत्या, आणि तो एक मी असावं असं मला फार वाटत होतं. पदार्थ चुंबकाशी कसा वागतो ते मोजणं, हे त्यांचं काम. मला ते आवडायचं, कारण ते अप्पांना समजावून सांगता यायचं. अप्पा शिवाजीनगरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतात. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे जेवताना मला रोज काहीतरी सांगावंच लागे.

"काचेच्या नळीत पदार्थ ठासून भरायचा आणि नळी तराजूला टांगून चुंबकाच्या दोन टोकांमध्ये सोडायची. करंट सुरू केला की काही पदार्थ खाली ओढले जातात, ते जड भरतात. काही किंचित वर ढकलले जातात, ते हलके."

"आणि हे शिकायला दोन वर्षं?" अप्पा म्हणाले.

पण लॅबमधले चमचे वाकडे असतात हे मी बोलून गेले होते, ते त्यांनी लक्षात ठेवलं. आठवड्याभरात त्यांनी पोलादी पट्टीचा एक चपटा, लांब दांड्याचा चमचा कानशीनं घासून आणून दिला. लॅबमध्ये मी दुसऱ्या कशाला हात लावेनाशी झाले.

मग निकेलच्या एका लाल संयुगाची पाळी आली. ते हलकं भरायला हवं, असं पुस्तक सांगतं. माझी नळी जड भरली. दोनदा, तीनदा जडच. मला वाटलं, मला नवीन काहीतरी सापडलंय. चुकून हे वर्गात बोलले. तेव्हापासून सगळे माझ्यासाठी दार उघडून धरायला लागले. "या शास्त्रज्ञ अक्का, आम्हाला विसरू नका हं!"

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "करंट अर्धा कर आणि परत मोज," म्हणाल्या. संयुगाचा गुणधर्म असता तर हिशोबाअंती उत्तर तेच यायला हवं होतं. ते आलं नाही. मॅडमनी कागदात गुंडाळलेलं चुंबक भुकटीवरून फिरवलं. कागदाला चार-पाच काळे कण चिकटले.

"लोखंड. खलाला चिकटलेली भुकटी कशानं खरवडलीस?"

अप्पांचा चमचा माझ्या कोटाच्या खिशात होता. त्यावर कोणी हसलेलं मला चाललं नसतं. मी म्हटलं, "लॅबमधल्याच चमच्यानं."

मॅडमनी लगेच लॅब सांभाळणाऱ्या अण्णांना हाक मारली. "किती वेळा सांगितलं, खराब चमचे काढून टाका म्हणून!" अण्णा बिचारे खण उपसून एकेक चमचा उजेडात धरून पाहू लागले. सातव्या चमच्यापर्यंत मी कशीबशी तग धरली.

"मॅडम, खोटं बोलले. हा होता. माझ्या अप्पांनी केलाय."

मॅडमनी चमच्याच्या कडेवरून बोट फिरवलं. अण्णा म्हणाले, "अक्का, स्वल्प लवकर सांगायचं की. मी नोकरी सोडायच्या विचारात होतो."

आता प्रकल्पाचं विचारायचीसुद्धा सोय नव्हती. मॅडमच म्हणाल्या, "काम सुंदर आहे, पण कड साफ केलेली नाही. गुरुवारपर्यंत नवीन संयुग कर, प्लास्टिकच्या चमच्यानं. मग बघू."

घरी सांगायचं मी जेवण संपेपर्यंत लांबवलं. अप्पांना मात्र वाईट वगैरे काही वाटलं नाही.

"एवढासा कीस तुमच्या तराजूनं पकडला?" त्यांनी चमचा मागून घेतला, डोळ्यांजवळ नेला. "घाईत केला होता. सरी, बरोबर आहे, चूक माझी. मॅडमना सांग."

गुरुवारी करंट सुरू केला, तेव्हा मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या. तराजूचा शेवटचा आकडा जरा रेंगाळला आणि कमी झाला. अर्धा करंट, पूर्ण करंट, दोन्हीचं उत्तर जुळलं. मॅडमनी स्वतः मांडून पाहिलं आणि म्हणाल्या, "सोमवारपासून ये. आणि खोटं एवढं वाईट बोलतेस, तर पुन्हा प्रयत्न करू नकोस."

मी जिन्यातूनच अप्पांना फोन लावला. मागे लेथ चालू होता, म्हणून दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"वजन कमी भरलं म्हणून तुला घेतलं?" अप्पा ओरडले. "आमच्याकडे कमी भरलं तर मालक शिव्या देतो!"

मग लेथ बंद झाल्याचं ऐकू आलं, आणि ते तिथल्या सगळ्यांना सांगायला लागले.