हेब्बाळचा पत्ता

चामराजपेटमधलं रोजगार मदत केंद्र जुलैतल्या एका शुक्रवारी दुपारी बंद झालं. दशक नव्वदचं, त्याचा साधारण मध्य. केंद्र म्हणजे वॉर्ड कार्यालयातली एक खोली. तिच्यातलं टेबल, दोन खुर्च्या आणि कार्डांची पत्र्याची पेटी पालिकेच्या गाडीत चढवण्यात आली. माझी मोठी बहीण तिथली एकमेव कारकून होती. तिनं पेटीची किल्ली शिपायाच्या हातात दिली, त्याची सही घेतली आणि ती चालत घरी आली.

केंद्र सुरू झालं होतं एप्रिलमध्ये, गॅस्ट्रोच्या साथीत. आमच्या भागात पिण्याच्या नळाला गटाराचं पाणी येऊन मिळालं होतं. आठवड्याभरात सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंज्यांवर माणसं झोपवावी लागली. आमच्या गल्लीतून गेलेल्यांपैकी दोघं परत आली नाहीत. ज्या घरात रुग्ण सापडे, त्याच्या दारावर आरोग्य खात्याची माणसं गेरूनं गोल काढत. पालिकेनं भागातल्या सगळ्या दर्शिनी, म्हणजे उभ्यानं खायची छोटी हॉटेलं, बंद करायला लावल्या. डोसे घालणारे, भांडी घासणारे, चटण्या वाटणाऱ्या बायका एका दिवसात घरी बसल्या.

पालिकेनं साथीसाठी वेगळी तरतूद केली. तिचा मोठा भाग टँकर, औषधं आणि ब्लीचिंग पावडरीवर गेला. एक लहान भाग काम सुटलेल्यांना दुसरीकडे काम मिळवून देण्यासाठी ठेवला गेला. त्यातून हे केंद्र निघालं आणि बहिणीला तीन महिन्यांची नेमणूक मिळाली. नेमणुकीबरोबर दोन पानांचं परिपत्रक आलं. पहिल्या पानावर कामाची पद्धत होती. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की मुदतवाढ वॉर्डातल्या नोंदणीकृत गरजूंची संख्या पाहून ठरेल. बहिणीनं दोन्ही पानं वडिलांना वाचून दाखवली, मीही ऐकली. पेटीत जितकी कार्डं, तितकी संख्या, असा आम्ही तिघांनी अर्थ घेतला.

मुदतवाढ आमच्या घराला हवी होती. वडील शिंपी होते. लग्नसराई चालू होती, पण गेरूच्या गोलांच्या गल्लीत कपडे शिवायला टाकायला कुणी येत नव्हतं. मी एका वर्तमानपत्रात उमेदवारी करत होतो आणि मला मिळत होतं ते बसभाड्याला पुरत होतं. घर बहिणीवर चाललं होतं.

पहिलं कार्ड शेजारच्या डोसेवाल्याचं. पन्नाशीचा माणूस. आम्ही दोघं त्याला अण्णा म्हणत असू. बहिणीनं त्याला इंदिरानगरमधल्या एका कंपनीच्या कँटीनला पाठवलं. तो संध्याकाळी परत आला आणि आमच्या जगलीवर, दारापुढच्या ओट्यावर, बसला.

"मॅनेजरनं कार्ड बघितलं आन् खुर्चीच मागं सरकवली," तो म्हणाला. "चामराजपेट का? कार्ड तिथंच धरा म्हणाला, मी लांबनं वाचतो."

"मग?" बहिणीनं विचारलं.

"मग मी म्हटलं, साहेब, स्वल्प डोसा तरी खाऊन बघा. तो म्हणाला, तो तर नकोच नको." तो हसला. "पंधरा वर्षं या हातानं डोसे घातले अक्का. कुणी हात बघितला नव्हता. आता हातच बघतात."

त्या आठवड्यात पाठवलेली सगळी माणसं अशीच परत आली. कार्डावर नाव, काम आणि पत्ता एवढ्याच तीन ओळी होत्या. नावाला कुणी हरकत घेतली नव्हती, कामालाही नाही.

आमच्या जगलीवर लोक कागद लिहून घ्यायला येत. ती जुनी रीत होती. आजोबा लिहीत, मग वडील, मग मी. घरात मराठी बोलणाऱ्या आणि कन्नड वाचायला न शिकलेल्या माणसांचे रेशनचे, शाळेचे, दवाखान्याचे अर्ज तिथं भरले जात. लिहिणाऱ्यानं चौकशी करायची नाही, सांगेल ते नीट अक्षरात उतरवायचं, एवढाच नियम होता.

डोसेवाल्यानं नवा अर्ज माझ्यापुढं केला. "तम्मा, पत्ता दुसरा घाल."

"कुठला?"

"तू सांग. साथ नाही तिथला."

हेब्बाळला आमची आत्या राहत होती. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका घरामागे तिची एक खोली होती. मी तिचा पत्ता लिहिला.

चार दिवसांनी डोसेवाला एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला लागला. बातमी गल्लीत पसरली. पुढच्या दोन आठवड्यांत मी जगलीवर तोच पत्ता इतक्यांदा लिहिला की हाताला तो पाठ झाला. ज्यांचे नातेवाईक दुसरीकडे होते त्यांनी त्यांचे पत्ते घातले. बहुतेकांचं कुणी नव्हतं. त्यांच्या अर्जांवर आत्याचा पत्ता गेला.

बहिणीनं एका संध्याकाळी जेवताना विषय काढला.

"हेब्बाळच्या एका खोलीत किती आचारी राहतात रे?"

मी भात कालवत राहिलो.

"अक्षर कुणाचं ते मला कळत नाही असं वाटतं तुला?"

"लोकांना कामं लागतायत ना?"

"लागतायत," ती म्हणाली. मग म्हणाली, "सरी," म्हणजे ठीक आहे. दुसऱ्या दिवसापासून जुनी कार्डं काढून तिथं नवी लावताना तिनं शिक्के मारले आणि काही विचारलं नाही.

कामाची बोलावणी पोस्टानं हेब्बाळला जात. आत्या रविवारी बसनं येई आणि पदराच्या गाठीतून पोस्टकार्डांचा गठ्ठा काढी.

"पोस्टमन विचारतो, आजी, तुमच्याकडे खाणावळ आहे का?" ती म्हणाली. "मी म्हटलं, हो बाबा, पण आचारीच आहेत, जेवणारा कुणी नाही."

जूनच्या अखेरीस पाण्याची नवी वाहिनी टाकून झाली. दवाखान्याचा व्हरांडा रिकामा झाला. दर्शिनी मात्र बंदच होत्या आणि दारांवरचे गोल पुसले गेले नव्हते. मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना वॉर्डाचा अधिकारी पेटी तपासायला आला. तो दोन तास बसला. त्यानं कार्डं पत्त्याप्रमाणे वेगळी केली. टेबलावर दोन गठ्ठे झाले. चामराजपेटचा गठ्ठा एका हाताच्या चिमटीत मावत होता.

अधिकारी सभ्य होता. तो म्हणाला, "अम्मा, या कागदांप्रमाणे गरज हेब्बाळला आहे. निधी तिकडे जाईल."

बहिणीनं सांगितलं की काम या वॉर्डातल्या माणसांनाच मिळालं आहे.

"मग पत्ते चुकले असतील. उद्या पाचपर्यंत दुरुस्त यादी द्या. केंद्र राहील. एक प्रत मी वर पाठवीन, एक आरोग्य खात्याला आणि एक ही माणसं जिथं लागली आहेत तिथं. नियमच आहे."

खरी यादी बहिणीकडे होती. तिनं पहिल्या दिवसापासून एका वहीत सगळ्यांचे खरे पत्ते लिहून ठेवले होते. ती वही घेऊन घरी आली आणि तिनं ती शिलाई मशीनच्या फळीवर ठेवली.

वडील म्हणाले, "दे यादी. तू खोटं काही लिहिलेलं नाहीस."

"शिक्का माझा आहे," ती म्हणाली.

डोसेवाला कामावरून परस्पर आमच्याकडे आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो जगलीवर बसला नाही, उभाच राहिला.

"अक्का, तू यादी दे. तुझं केंद्र राहू दे. मी काय, परत तुझ्या ओळीत येऊन उभा राहीन."

"आणि मी तुम्हाला परत इंदिरानगरला पाठवू? लांबनं कार्ड दाखवायला?"

तो हसला नाही. "वसतिगृहातली पोरं चांगली आहेत," तो म्हणाला. "दोन दोन वेळा मागून घेतात." मग म्हणाला, "ते राहू दे. तुझं बघ."

बहिणीनं मला विचारलं नाही. हेब्बाळचा पत्ता मी लिहिला होता, हे तिथं असलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्ड कार्यालयात गेलो. आमच्या वर्तमानपत्राला निधीच्या वाटपाची बातमी हवी होती आणि ती मला दिली होती. बहीण टेबलाशी बसली होती. वही समोर नव्हती. पाचला दहा मिनिटं असताना अधिकाऱ्यानं पाठवलेला फॉर्म तिनं पुढं ओढला. पत्त्यांतील दुरुस्ती, असं वर छापलं होतं. खाली रिकामे रकाने होते. तिनं पहिल्या रकान्यात लिहिलं, दुरुस्ती नाही. सही केली, शिक्का मारला आणि फॉर्म शिपायाकडे दिला.

मी वर्तमानपत्राच्या कार्यालयात परतून बातमी लिहिली. ती सहा ओळींची झाली. साथीच्या काळातील रोजगार मदतीचा उरलेला निधी नोंदणीच्या आधारे हेब्बाळकडे वळवण्यात आला आहे, असं तिच्यात होतं. उपसंपादकानं विचारलं, चामराजपेटला साथ होती, मग नोंदणी हेब्बाळला कशी? मी सांगितलं की अधिकाऱ्यानं कारण दिलेलं नाही. ते खरं होतं. बातमी पाचव्या पानावर आली.

शुक्रवारी टेबल, खुर्च्या आणि पेटी गेली.

पुढच्या महिन्यात वडिलांकडे दोन ब्लाऊज आले, दोन्ही नात्यातले. बहिणीनं तीन दुकानांत कामाचं विचारलं. एका ठिकाणी तिला दाराबाहेरूनच घर कुठं म्हणून विचारण्यात आलं. डोसेवाला वसतिगृहातच राहायला गेला. येताना पोरांनी दिलेली केळी आणत असे. पुढं पुढं त्याचं येणं कमी झालं.

ऑगस्टमध्ये एका सोमवारी बहीण बसनं हेब्बाळला गेली. तिथलं केंद्र नुकतंच उघडलं होतं. टेबल तेच होतं. ती ओळीत उभी राहिली. तिच्या पुढे दोनच माणसं होती. नंबर आल्यावर तिथल्या कारकुनानं नाव विचारलं, काम विचारलं, पत्ता विचारला. आत्याची खोली तिथून दहा मिनिटांवर होती.

नोंदणीची पावती तिनं घरी आणली. ती माझ्याकडे आहे. कामाच्या ओळीत कारकून असं लिहिलं आहे. पत्त्याच्या ओळीत आमच्या घराचा नंबर, गल्ली आणि चामराजपेट आहे. शेऱ्याच्या ओळीत निळ्या शाईत लिहिलं आहे : हद्दीबाहेर, नोंद रद्द.