लोंबतं बटण

काजकाकूंचं खरं नाव सांगा म्हटलं तर त्यांच्या शेजाऱ्यांनीही डोकं खाजवलं असतं. बाजारातल्या तिन्ही टेलरांचे शर्ट काज-बटणासाठी त्यांच्याच दारात यायचे, तेच त्यांचं नाव होऊन बसलं. मशीनवर काजं पाडणारे आले नि गेले, पण काकूंच्या हाताची सर कोणाला आली नाही. बटण लावायची त्यांची एक ठरलेली तऱ्हा होती. चार टाके, बटणाखाली दोऱ्याचे तीन वेढे, आणि शेवटची गाठ उलट्या बाजूने ओढून घ्यायची. गाठ ओढताना देवाचं नाव. दिवसाला दहा शर्ट झाले की सत्तर वेळा नाव झालं, वेगळी माळ ओढायला वेळ कोणाला आहे, असं त्या म्हणत.

भिंतीपलीकडे इस्त्रीवाली राहायची. काकूंच्या हातून सुटलेला शर्ट तिच्याकडे जायचा. पंचवीस वर्षं दोघींचा व्हरांडा एकच.

“काकू, तुमचा देव बटणं मोजत बसतो की काय?” ती विचारायची.

“मोजू दे की. तू जाळलेल्या कॉलरीही मोजत असेल.”

लढाई सुरू होऊन अकरा वर्षं झाली होती. नदीच्या अलीकडे सरकारची चौकी, पलीकडे डोंगरातल्यांचं राज्य. काकूंच्या हाताखालून दोन्हीकडचे शर्ट गेले होते. बटण लावताना माणूस कुठल्या बाजूचा ते कळत नाही, पोट सुटलंय का तेवढं कळतं, एवढंच त्यांचं या लढाईबद्दलचं मत. निदान उघड बोलायचं मत.

इस्त्रीवालीचा थोरला दोन वर्षांपूर्वी घरातून गेला. “कामाला गेलाय लांब,” ती सांगायची आणि ऐकणारेही “हो का, बरं झालं” म्हणायचे. कुठे गेला ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोलायची सोय नव्हती. ज्याचा मुलगा डोंगरात सापडला त्याच्या घराला दुसऱ्या दिवशी टाळं लागायचं, आणि घरातल्यांना ट्रकात घालून छावणीत पाठवायचे.

सापडलेल्या प्रेतांच्या खिशात कागद नसत. डोंगरात जाणारे कॉलरीमागची टेलरची पट्टीही कापून टाकत. मग चौकीवरच्या कारकुनाला कोणीतरी अक्कल दिली की बटणं तर कोणी कापत नाही, आणि ती लावणारा हात ओळखता येतो. तेव्हापासून तो शर्ट घेऊन काकूंकडे यायला लागला. आधीचे दोन शर्ट खरंच त्यांच्या हातचे नव्हते, त्यामुळे “नाही” म्हणताना जीभ अडखळली नव्हती.

तिसऱ्या वेळी तो दुपारी आला. चटईवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर शर्ट ठेवला. निळ्या बारीक रेघांचा. धुतलेला होता, तरी छातीपाशी तपकिरी डाग राहिलाच होता. काकूंनी मनगटाचं काज बघितलं आणि ओळखलं. ते काज त्यांनी मुद्दाम एक धागा मोठं ठेवलं होतं, कारण इस्त्रीवालीच्या थोरल्याला कायम घाई, बटणं ओढून तोडायचा. पलीकडून इस्त्रीचा धप धप आवाज येत होता.

असा दिवस आला तर काय बोलायचं ते त्यांनी कधीच ठरवून ठेवलं होतं. जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. देवाची आधीच माफी मागून झाली होती.

“नाही. माझा हात नव्हे हा.”

“नीट बघा काकू, घाई नाही. चहा दिलात तर तासभर बसेन.”

“साखर संपलीय.”

“माझ्या वेळीच बरी संपते!” तो हसला. मग कपाळ पुसत आपलंच सांगत बसला. बदली मागितलीय, मिळत नाही, साहेब माणूस की कोण कळत नाही. काकू हं हं करत होत्या. आता उठेल, मग उठेल. शर्ट त्यांच्या मांडीवर होता. चौथं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं.

दोरा दातांनी तोडला तेव्हा त्या भानावर आल्या. बटण घट्ट बसलं होतं.

कारकून त्यांच्या बोटांकडे बघत होता. त्याने शर्ट हळूच ओढून घेतला, उलटा केला आणि आतल्या गाठींवरून बोट फिरवलं.

“सातही सारखी आहेत काकू.”

“भाऊ, सवय हो ती. लोंबतं बटण दिसलं की हात राहत नाही.”

“मलाही सवयच आहे. दिसलं की लिहायची.” त्याने वही काढली. “कोणाचा शर्ट?”

“तुम्हाला आई असेल ना?”

“आहे. माझा धाकटा भाऊ पण पलीकडेच गेलाय. तीन वर्षं ती दारात बसून असते. तिला तर कोणी शर्ट दाखवायलाही येत नाही.” त्याने पेन्सिल वहीवर टेकवली. “नाव सांगा.”

इस्त्रीचा आवाज कधी थांबला ते दोघांनाही कळलं नाही. इस्त्रीवाली कपड्यांची चळत घेऊन दारात उभी होती. तिने चळत खाली ठेवली, आत आली, आणि कारकुनाच्या हातातून शर्ट काढून घेतला. डागावर तळवा ठेवला.

“माझ्या थोरल्याचा आहे,” ती म्हणाली. “लिहा.”

“ताई, विचार करून बोला. काकू तर नाही म्हणत होत्या.”

“लिहा म्हटलं ना. मला तो माझ्या हाताने मातीत ठेवायचाय.”

सकाळी तिच्या ताब्यात प्रेत दिलं. खड्डा खणायला चौघे आले, बाकीच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. काकूही गेल्या होत्या. दुपारी घराला टाळं लागलं. दोन गाठोडी, एक पातेलं आणि कोळशाची इस्त्री घेऊन ती ट्रकात चढली.

काकू भाकऱ्या बांधून धावत आल्या. “अगं, माझंच चुकलं. मी बटणाला हात लावायला नको होता. तुझं घर गेलं माझ्यापायी.”

“घराचं जाऊ द्या.” इस्त्रीवालीने भाकऱ्या घेतल्या नाहीत. “तुम्ही शर्ट ओळखला होतात ना?”

“हो.”

“आणि नाही म्हणालात.”

“तुझ्यासाठीच गं.”

“मग मलाही तसंच सांगणार होतात? रोज माझ्या शेजारी बसून, मी ‘कधी येईल हो तो’ म्हणत असताना, ‘येईल येईल’ म्हणणार होतात?”

दुसऱ्यांदा खोटं बोलणं काकूंना जमणार नव्हतं. त्यांनी मान हलवली. हो.

इस्त्रीवालीने ट्रकाची ताडपत्री ओढून घेतली.